वाचक विचारतात : पत्ता कुणाचा टाकायचा?

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात युरोपात ऑनलाइन माल विकणाऱ्यांच्या नव्या नियमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, अगदी जाता जाता, तर त्यावरची पत्रं अजून संपत नाहीयेत. म्हटलं या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवू आणि हेच घेऊ.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. युरोपियन युनियनचा जनरल प्रॉडक्ट सेफ्टी रेग्युलेशन नावाचा कायदा आहे, नंबर २०२३/९८८, लोक त्याला नुसतं जीपीएसआर म्हणतात. १३ डिसेंबर २०२४ पासून तो लागू झाला, उत्तर आयर्लंडमध्येसुद्धा. विक्रेत्याच्या दृष्टीने त्यातली मुख्य कटकट अशी, की वस्तू ऑनलाइन विकायला ठेवली तर लिस्टिंगवरच बनवणाऱ्याचं नाव, पोस्टाचा पत्ता आणि ईमेल वगैरे द्यायचा, बनवणारा ईयूच्या बाहेरचा असेल तर ईयूतल्या एका जबाबदार व्यक्तीचाही द्यायचा, वस्तूचा फोटो आणि मॉडेल नंबर द्यायचा, आणि धोक्याच्या काही सूचना असतील तर त्या तिथल्या गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत. ऐकायला सोपं आहे. आता पत्रं.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण म्युनिकजवळ राहतो. जुने बोर्डगेम, पझल्स, लहान मुलांची खेळणी घेतो, साफसूफ करतो, तुकडे मोजतो आणि ऑनलाइन विकतो. रीतसर गेवेर्ब, म्हणजे इथली धंद्याची नोंदणी, काढलंय. डिसेंबरनंतर साइटने आमच्या निम्म्या लिस्टिंग अडकवल्या, बनवणाऱ्याचा पत्ता द्या म्हणून. रोज रात्री मुलं झोपली की आम्ही दोघी बॉक्सचे पत्ते शोधत बसतो. विक्रेत्यांच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी सगळ्यांसाठी एक शीट उघडलंय, त्यात शेकडो ब्रँडचे पत्ते आहेत. ते वापरलं तर चालेल का? की अडकू?

उत्तर : वापरा की. पण डोळे झाकून कॉपी-पेस्ट नको.

आधी एक शंका दूर करते, कारण हाच प्रश्न अजून तिघांनी विचारलाय. जुना माल म्हणून सूट मिळत नाही, धंदा म्हणून विकत असाल तर वापरलेल्या वस्तूही या नियमात येतात. घरातला पसारा काढणाऱ्या माणसाने पोराचं जुनं कोडं विकलं तर त्याला हे लागू नाही, पण तुमचं गेवेर्ब आहे म्हणजे तुम्ही व्यापारी. अँटिक मात्र नियमाच्या बाहेर आहेत, म्हणजे ज्या वस्तूकडून आजच्या सेफ्टीची अपेक्षा कुणी शहाणा माणूस करणारच नाही अशा संग्रहातल्या वस्तू. १९९८ चा बोर्डगेम अँटिक नाही हो, तुम्हाला आणि मला कितीही म्हातारं वाटलं तरी.

आता शीटबद्दल. मला ही कल्पना मनापासून आवडते. एकाच गेमच्या एकाच कंपनीचा पत्ता हॅम्बर्गमधला एक माणूस शोधतो, लियाँमधली एक बाई शोधते, तुम्ही दोघी शोधता, आणि सगळे तेच दहा मिनिटं घालवून तीच एक ओळ लिहितात. त्या पत्त्यात गुपित काहीच नाही, उलट कायदाच म्हणतोय की तो सगळ्यांना दिसला पाहिजे. मग एकदा शोधलेलं सगळ्यांनी का वापरू नये? आपल्याकडे चाळीत एकाच घरी गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असायचा आणि सगळे तिथेच डोकावायचे, तसंच हे.

फक्त भिंतीवरचा नंबर बदलला की कुणीतरी खोडून नवा लिहायचं, शीटवर ते होतंय का ते बघा. तुमच्या शीटमध्ये ब्रँड आणि पत्ता एवढे दोनच रकाने असतील तर ते शीट सहा महिन्यांत कचरा होणार. चांगल्या शीटची एक ओळ साधारण अशी असते: ब्रँड, बॉक्सवरचा बारकोड, कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव, रस्ता-घर नंबर-पिनकोड-देश, ईमेल, हे सगळं कुठून घेतलं (बॉक्सच्या तळाचा फोटो की कंपनीची वेबसाइट), कोणत्या तारखेला बघितलं, कुणी बघितलं. शेवटचे तीन रकाने भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि खरी किंमत त्याच तीन रकान्यांना आहे.

बारकोड लिहा असं मी म्हणतेय कारण ब्रँडच्या नावाने फार गोंधळ होतो. एकच गेम जर्मनीत एक प्रकाशक काढतो, फ्रान्समध्ये दुसरा, बॉक्सचं चित्र सेम टू सेम आणि तळाशी बारीक अक्षरात पत्ता वेगळा. म्हणून बॉक्स हातात घेऊन उलटा करायचा, भिंग नसेल तर फोनने फोटो काढून झूम करायचा, आणि तेरा आकडे टाइप करायचे. बरं, बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठे बनली ते कळतं असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते चूक आहे. ४०० ते ४४० म्हणजे नंबर जर्मनीच्या जीएस वन संस्थेकडून घेतलाय, ८९० म्हणजे भारतातल्या संस्थेकडून, बस. माल कुठेही बनलेला असू शकतो.

जर्मनीत तुम्हाला एक सोय आहे जी तुमच्या लक्षात आली असेलच, तिथल्या प्रत्येक धंद्याच्या वेबसाइटवर इम्प्रेसुम नावाचं पान कायद्याने लागतं, त्यात नाव-पत्ता-ईमेल सगळं असतं. म्हणजे जर्मन कंपनी असेल तर शीटमधली ओळ दोन मिनिटांत पडताळून होते. पडताळा, तारीख बदला, पुढे चला.

आणि एक, जे फार कमी लोक करतात. जी कंपनी सापडलीच नाही, बुडाली, कुणी विकत घेतली आणि नवा मालक जुन्या गेमबद्दल बोलायला तयार नाही, तिचीसुद्धा ओळ शीटमध्ये लिहा. "शोधलं, सापडलं नाही, अमुक तारीख." नाहीतर तुमच्यानंतर पन्नास जणी त्याच भिंतीवर डोकं आपटणार. अशा बॉक्सचं काय करायचं म्हणाल तर माझं मत, लिस्ट करू नका. दुसऱ्या कुठल्या तरी मिळत्याजुळत्या नावाच्या कंपनीचा पत्ता टाकून साइटचा फॉर्म हिरवा करून घेणारे लोक मी बघितलेत, फॉर्म हिरवा होतो खरा, पण तुम्ही गिऱ्हाइकाला खोटा पत्ता दिलेला असतो आणि तो तुमच्या नावावर राहतो.

पझल्सबद्दल मला काळजी नाही. पण "लहान मुलांची खेळणी" लिहिलंय म्हणून विचारते, त्यात लोहचुंबक सुटे होणारी, बटन सेलचं झाकण बिनस्क्रूचं, किंवा रंगाचे पोपडे निघणारी जुनी खेळणी आहेत का? असली तर पत्ता सापडला तरी ती विकू नका. शीटमधून पत्ता मिळतो, खेळणं सेफ आहे की नाही ते तुम्हालाच हातात घेऊन बघायला लागतं.

प्रश्न : आमचं कोल्हापुरात चपलांचं काम, वडिलांपासून. पोरगा दोन वर्षं इंटरनेटवरून परदेशात पाठवतो, जास्त करून फ्रान्स, नेदरलँड्स. आता युरोपातला जबाबदार माणूस पाहिजे म्हणतात. एक एजंट दर वर्षाला पैसे मागतोय. पोराचा मित्र म्हणतो कशाला पैसे घालवता, नेटवर ओपन लिस्ट आहे, त्यातला कुठला तरी युरोपातला पत्ता टाका, कोण बघतंय. काय करावं?

उत्तर : काका, पोराच्या मित्राला सांगा की असलं काही करायचं नाही.

वर म्युनिकच्या ताईंना मी पत्ता शीटमधून घ्या म्हटलं आणि तुम्हाला घेऊ नका म्हणतेय, कारण दोन्ही पत्ते वेगळे आहेत. बनवणाऱ्याचा पत्ता ही माहिती झाली. तुमच्या चपलेवर तो तुमचा स्वतःचा, कोल्हापूरचा, तो बिनधास्त टाका, जगाला वाटा. पण ईयूतला जबाबदार माणूस म्हणजे नुसती माहिती नाही, त्याने कबूल केलेलं काम आहे. ईयूत तुमचा माल आणणारा आयातदार असेल तर तो, नाहीतर तुम्ही लेखी अधिकारपत्र देऊन नेमलेला प्रतिनिधी, तेही नसेल तर माल साठवून-पॅक करून पाठवणारी तिथली कंपनी. त्याने तुमचे कागद तपासायचे, सरकारी माणूस विचारायला आला तर उत्तर द्यायचं, मालात धोका निघाला तर कळवायचं. ज्याला तुम्ही कधी फोनही केला नाही त्याचं नाव टाकणं म्हणजे ओळखपाळख नसलेल्या माणसाला कर्जाला जामीन म्हणून लिहून देण्यासारखं आहे. तो कोर्टात उभा राहणार नाही, आणि का राहावं त्याने?

एजंटला पैसे द्यायच्या आधी त्याला एकच विचारा, माझे कागद कधी बघणार? "कागद लागत नाहीत, फक्त नाव वापरा" म्हणाला तर तोही मित्राचाच भाऊ.

कागद म्हणजे काय तर वस्तूचं वर्णन आणि त्यात धोका काय असू शकतो याचा विचार, लिहून, आणि तो दहा वर्षं जपून ठेवायचा. आता इथे तुम्ही मागे नाही, पुढे आहात, हे सांगायला मला बरं वाटतंय. युरोपात चामड्यावर नजर असते ती क्रोमियम सहामुळे. क्रोम वापरून कमावलेल्या चामड्यात ते तयार होऊ शकतं, त्वचेला अ‍ॅलर्जी होते, आणि किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर माल बाजारातून काढायला लावतात. त्यांच्या धोक्याच्या यादीत चपला-हातमोजे या एका कारणाने कितीदा तरी येतात. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यात क्रोम घालतच नाहीत. पण हे तुम्हाला माहीत आहे, अ‍ॅम्स्टरडॅमच्या गिऱ्हाइकाला नाही, आणि चामडं तुम्ही ज्याच्याकडून घेता त्याने मध्येच कुठे क्रोमचा तुकडा मिसळला नाही ना हे तुम्हालाही दर खेपेला माहीत नसतं. म्हणून लॅबमध्ये टेस्ट करून घ्या. रंगीत चपला असतील तर अ‍ॅझो रंगांची पण टेस्ट करा, त्यांच्यातून सुटणाऱ्या घातक अमाइन्सची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा ते लेबलवर लिहायचं, हा पादत्राणांसाठीचा वेगळा जुना नियम आहे, तोही पाळा.

आणि खेपेचा नंबर टाका. अंगठ्याच्या खाली आतल्या बाजूला छोटासा शिक्का, महिना आणि चामड्याची खेप. उद्या एका खेपेत गडबड निघाली तर तेवढ्याच चपला परत मागवायच्या, नाहीतर सगळ्या मागवाव्या लागतील.

खरं सांगू का, ओपन डेटाचा, म्हणजे सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या माहितीचा, तुमच्यासारख्यांना फायदा व्हायचा असेल तर तो असा होईल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. म्हणजे कारागीर एकत्र मोजलेले आहेत. त्या सगळ्यांनी मिळून धोक्याचा विचार एकदाच लिहिला, लेबलचा मजकूर फ्रेंच-डच-जर्मनमध्ये एकदाच करून घेतला, कोणत्या टेस्ट लागतात त्याची यादी एका जागी उघडी ठेवली, तर प्रत्येक घराने एजंटला तेच पैसे परत परत द्यायची गरज नाही. टेस्टचा रिपोर्ट मात्र ज्याचा त्याचा. शेजाऱ्याचा रिपोर्ट आपल्या चपलेला लावायचा नाही, कितीही जवळचा शेजारी असला तरी.

प्रश्न : पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायकोच्या मामेबहिणीचा हाच त्रास बघून वाटलं, ओपन फूड फॅक्ट्ससारखं (खाण्याच्या वस्तूंच्या माहितीचा सगळ्यांसाठी खुला डेटाबेस) काहीतरी करता येईल, बारकोड स्कॅन करा आणि बनवणाऱ्याचा पत्ता-सूचना मिळवा. मोठ्या साइटवरून सगळे पत्ते स्क्रॅप केले, म्हणजे प्रोग्रामने आपोआप उतरवून घेतले, तर वीकेंडमध्ये होईल. लायसन्स कोणतं लावू?

उत्तर : स्क्रॅपिंग वीकेंडमध्ये होईल, वकिलाचं पत्रही त्याच्या पुढच्या वीकेंडला येईल. युरोपात डेटाबेस गोळा करायला ज्याने खर्च केला त्याचा त्या गोळा करण्यावर वेगळा हक्क असतो, १९९६ च्या निर्देशापासून. एकेक पत्ता कुणाच्या मालकीचा नाही, पण कुणाच्या तरी डेटाबेसमधून भला मोठा भाग उचलला तर तो हक्क आडवा येतो. शिवाय त्या पत्त्यांतले निम्मे विक्रेत्यांनी घाईत टाकलेले, वरच्या मित्रासारखे. ते तुम्ही एकदा ओपन केलेत की चुका दुप्पट वेगाने पसरणार.

तुम्ही उदाहरण चांगलं घेतलंत पण त्यांनी कसं केलं ते बघा ना. ओपन फूड फॅक्ट्स २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालं, लोक स्वयंपाकघरातला डबा हातात घेऊन लेबलचा फोटो काढतात आणि मग माहिती भरतात, म्हणजे प्रत्येक ओळीमागे फोटो. त्यांची भावंडंही आहेत, सौंदर्यप्रसाधनांसाठी ओपन ब्युटी फॅक्ट्स, इतर वस्तूंसाठी ओपन प्रॉडक्ट्स फॅक्ट्स. नवीन घर बांधण्याआधी तिथे एक खोली मिळते का विचारा, मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं. प्रत्येक इंजिनिअरला स्वतःचा अ‍ॅप काढायचा असतो, त्यामुळे अर्धवट अ‍ॅप पन्नास आणि भरलेला एकही नाही.

लायसन्सचं थोडक्यात. त्यांचा डेटा ओडीबीएल खाली आहे, म्हणजे वापरा, नाव द्या, आणि त्यात भर घालून सार्वजनिक केलंत तर तीही त्याच अटीवर उघडी ठेवा. विकिडेटाचा (विकिपीडियाचं भावंड, खुल्या माहितीचा साठा) डेटा सीसीझीरो, तिथे काहीच अट नाही. म्हणून विकिडेटातलं इकडे आणता येतं, इकडचं सरसकट तिकडे ओतता येत नाही. सुरुवातीला हे कुणी बघत नाही आणि दोन वर्षांनी सगळं उपसायला लागतं.

अजून एक भानगड. खूपसे छोटे बनवणारे घरातून काम करतात, आणि बनवणाऱ्याचा पत्ता म्हणजे त्या बाईच्या घराचा दरवाजा. कायद्यासाठी लिस्टिंगवर तो द्यायला लागतो, मान्य, पण तोच पत्ता तुम्ही दहा हजार पत्त्यांच्या डाउनलोडमध्ये कायमचा टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे युरोपचा जीडीपीआर, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा कायदा, लागतो. कंपन्यांपासून सुरुवात करा, एकट्या कारागिराचं नाव त्याने स्वतः दिलं तरच घ्या आणि काढून टाक म्हणाला की काढा.

पत्त्यांपेक्षा मला वाटतं तुम्ही सेफ्टी गेटचा डेटा जोडा. युरोपियन कमिशनचं धोकादायक वस्तूंचं पोर्टल, पूर्वी रॅपेक्स म्हणायचे, दर आठवड्याला नवी यादी येते आणि ती कुणालाही बघता येते. बारकोड स्कॅन केल्यावर "ही वस्तू मागे घ्यायला लावलीय" एवढं एक वाक्य दिसलं तरी म्युनिकच्या दोघींच्या कामाचं ते पत्त्यापेक्षा जास्त आहे.

प्रश्न : मी डब्लिनला लेकीकडे असते. विकत काही नाही, फक्त घेते. या सगळ्याचा मला काय उपयोग?

उत्तर : तुमच्याच उपयोगासाठी तर चाललंय सगळं! वर म्हटलेलं सेफ्टी गेट फोनवर उघडा आणि घरातल्या वस्तूचं नाव टाका. २०२४ मध्ये तिथे ४,१३७ इशारे नोंदले गेले आणि सगळ्यात जास्त सौंदर्यप्रसाधनांचे. आत्ता उठून बाथरूममधल्या जुन्या परफ्यूम, बॉडी स्प्रेच्या मागची बारीक अक्षरं वाचा, ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल असं लांबलचक नाव दिसलं तर बाजूला ठेवा. १ मार्च २०२२ पासून ते तिथे बंद आहे आणि अजूनही दुकानांत, ऑनलाइन सापडतं. लेकीला पण दाखवा.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. युरोपचं कौतुक झालं, आपल्याकडे असं काही आहे की नाही?

उत्तर : आहे, आणि आपणच वापरत नाही. लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांनुसार पॅकबंद वस्तू ऑनलाइन विकताना बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातली, तक्रार कुठे करायची, हे आपल्याकडेही साइटवर दिसायला लागतं. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. (हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना इथे सूट आहे, पण तीच लाकडी खेळणी युरोपात पाठवायची तर तिथल्या सेफ्टी नियमांत बसते असं सांगणारा सीई मार्क लागतोच, हे दोन वाचकांच्या पत्रांना परस्पर उत्तर.) आणि प्रेशर कुकर. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला असा आदेश दिला होता की साइटवरून विकले गेलेले मानकात न बसणारे २,२६५ कुकर घेणाऱ्यांना कळवा, परत घ्या, पैसे द्या, वर एक लाख दंड. कंपनी हायकोर्टात गेली.

तुमच्या हातात काय आहे म्हणाल तर बीआयएस केअर, भारतीय मानक ब्यूरोचं अ‍ॅप. आयएसआय मार्कच्या खाली सीएम/एल असा नंबर असतो, तो टाकायचा, लायसन्स कुणाचं, कुठल्या वस्तूचं, चालू आहे का, सगळं येतं. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, पण त्यातच तपासता येतो.

मी स्वतः गेल्या दिवाळीत एका साइटवरून तीन लिटरचा कुकर मागवला, साइटचं नाव इथे घेत नाही. मार्क होता, नंबर होता, दिसायला पण छान. सहज म्हणून नंबर अ‍ॅपमध्ये टाकला तर लायसन्स निघालं दुसऱ्याच राज्यातल्या पाइप बनवणाऱ्या कंपनीचं. स्क्रीनशॉट काढला, अ‍ॅपवरूनच तक्रार केली, विक्रेत्याने एक अक्षर न बोलता पैसे परत केले. मग आठवड्याने कुतूहल म्हणून तीच लिस्टिंग पुन्हा उघडली. कुकर तोच, किंमत तीच, फक्त फोटोत नंबर होता तिथे आता ५० टक्के सूट असं लाल स्टिकर चिकटवलेलं होतं. दुसरी तक्रार टाकलीय, पावती नंबर आलाय.